परक्या माणसाला ‘आईचा गुडघा काय म्हणतो?’ असे विचारून बसल्यावर काय करावे?

नौपाडेकर :

मंडळी, हा धागा काढताना थोडा संकोच वाटतो आहे, कारण ज्या प्रसंगावरून तो सुचला त्यात हसे माझेच झाले. गेल्या शनिवारी संध्याकाळी जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन तलावपाळीच्या कडेने घरी निघालो होतो. पाऊस नुकताच उघडला होता आणि कठड्याशी एका कणीसवाल्यासमोर एक गृहस्थ पाठमोरे उभे होते. डाव्या खांद्याला कापडी पिशवी, मान किंचित उजवीकडे कललेली आणि कणसाची एक ओळ संपल्याशिवाय दुसरीला दात न लावण्याची ती शिस्त. बेलापूरच्या कार्यालयात ज्याच्या शेजारच्या टेबलावर मी अकरा वर्षे काढली तो माझा सहकारीच हा, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. मागून जाऊन मी खांद्यावर सणसणीत थाप मारली आणि म्हणालो, ‘काय राव, ठाण्यात येतोस आणि कळवतही नाहीस?’

ते वळले. चेहराही तोच वाटला. मिशी पांढरी झाली होती, पण नऊ वर्षांत माझे तरी काय काळे उरले आहे? तोंडातला घास गिळून ते हसत म्हणाले, ‘अरे वा! कसे आहात?’ आमचे नाते अकरा वर्षे अरे-तुरेचे होते, तेव्हा त्या ‘आहात’ने मला तिथेच जागे करायला हवे होते. पण मी पुढे रेटले. ‘आईचा गुडघा काय म्हणतो?’ त्यावर उत्तर आले, ‘ऑपरेशननंतर पुष्कळ फरक आहे, पण जिना अजून एकेक पायरी करत, कठड्याला धरूनच उतरते.’ आता याहून पक्की खूण कोणती हवी? पुढची दहा-बारा मिनिटे आम्ही स्टेशनसमोरची गर्दी, रिक्षावाल्यांचे नकार आणि निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ यांवर अगदी मनमोकळे बोललो. मग त्यांनी विचारले, ‘मुलीचे लग्न नीट पार पडले ना?’

मला दोन मुलगेच आहेत.

त्यानंतरची शांतता तीन-चार सेकंदांचीच असेल, पण निखाऱ्यांवर वारा घालणारा कणीसवाल्याचा पुठ्ठासुद्धा तेवढा वेळ थांबला होता. उलगडा झाला तो असा : त्या गृहस्थांनी मला ओळखलेले नव्हतेच. परंतु मी इतक्या हक्काने थाप मारली, की आपणच विसरलो असणार असे समजून ते मनातल्या मनात शोधत राहिले आणि त्यांना पत्नीच्या माहेरचे कोणी तरी सापडले. त्यांच्या आईच्याही गुडघ्याचे ऑपरेशन झालेले असणे हा योगायोग. आमच्या वयाच्या माणसांच्या आयांच्या बाबतीत तो फार मोठाही म्हणता येणार नाही. थोडक्यात, दोन परकी माणसे दहा मिनिटे एकमेकांचे परिचित असल्याचा अभिनय करत होती, आणि दोघांनाही तो अभिनय आहे याची पुसटशीच जाणीव होती.

मला चुकीची लाज फारशी वाटलेली नाही. इशारे मिळूनही मी रेटत राहिलो, याची वाटते. तेव्हा मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इतकी ठाम खात्री कशी होते? आणि चूक लक्षात आल्यावर पहिले वाक्य कोणते बोलावे?

पामबीचवासी :

नौपाडेकर, तुम्ही निदान जमिनीवर उभे होता. मी एका परक्या गृहस्थाच्या स्कूटरवर बसले आहे.

नेरूळ स्टेशनच्या पश्चिमेला संध्याकाळी सात-साडेसातला बायकांना न्यायला आलेल्या नवऱ्यांची रांग लागते, हे तिथल्यांना माहीत आहे. आमच्या यजमानांची स्कूटर राखाडी, हेल्मेट काळे आणि कामावरून येताना अंगात निळा चौकटीचा शर्ट. त्या रांगेत अशी किमान चार माणसे रोज असतात, हे मला त्या दिवशी कळले. मी फोनवर बोलत आले, मागे बसले, पर्स दोघांच्या मध्ये ठेवली आणि फोन बंद करून म्हणाले, ‘आधी दळण घेऊ, मग घरी.’ स्कूटर हलेना. मी पाठीवर दोन बोटांनी टकटक केली. तेव्हा मान न वळवता, अत्यंत नम्र आवाजात ते गृहस्थ म्हणाले, ‘ताई, मी मिसेसची वाट बघतोय.’ आणि त्या मिसेस हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन समोरच उभ्या होत्या.

मी उतरले, ‘माफ करा’ म्हणाले, आणि वळून पाहिले तर आमचे यजमान तीन स्कूटरी मागे, हेल्मेट काढून, सगळा प्रकार शांतपणे पाहत होते. त्या बाईंचे वाटले नाही इतके मला यांचे वाटले, कारण त्या बाई पुन्हा भेटणार नव्हत्या आणि यांच्याबरोबर मला जेवायला बसायचे होते. पुढचा महिनाभर मी पूर्वेच्या बाजूने उतरून चालत घरी जात होते. आता बसण्याआधी नंबराची पाटी वाचते.

आमच्या नवी मुंबईत एकसारखेपणाचा हा प्रश्न माणसांपुरता नाही, हेही नमूद करते. सिडकोने एकाच नकाशावरून उभ्या केलेल्या इमारतींत माझा मुलगा लहानपणी शेजारच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर जाऊन आमच्या किल्लीशी झटत बसला होता. आतून आजोबांनी दार उघडले, त्याला पाणी दिले आणि आमच्या इमारतीपर्यंत आणून सोडले. त्यांच्याकडे असे वर्षातून दोन-तीनदा होते म्हणे.

निवृत्तमास्तर :

मी आयुष्यभर मराठी शिकवले, त्यामुळे मला या दोन्ही प्रसंगांत अलंकार दिसतात, क्षमा असावी. नववी-दहावीच्या मुलांना ‘संदेह’ आणि ‘भ्रांतिमान’ यांतला फरक समजावताना माझी दमछाक होत असे. दोन वस्तू सारख्या दिसल्यामुळे ‘ही की ती?’ असा मनाचा हेलकावा सुरू असतो, तोवर संदेह. एकदा का ‘हीच ती’ असे ठरले आणि त्या समजुतीवर हातून कृती घडली, की भ्रांतिमान. व्याख्येत कृतीला महत्त्व आहे, हे मुले नेहमी विसरत. नौपाडेकरांची थाप आणि पामबीचवासींचे दळण ही दोन उदाहरणे तेव्हा हाताशी असती, तर निम्मा वर्ग एका तासात पास झाला असता.

आपल्याकडे दोरीला साप समजण्याचा दृष्टांत वेदान्त्यांनी इतका वापरला आहे, की तो गुळगुळीत झाला आहे. पण त्यातली एक गोष्ट इथे कामाची आहे. अंधारात दोरी पाहून घाबरलेल्या माणसाला साप ‘दिसल्यासारखा’ वाटत नाही, दिसतोच. अर्धवट दिसलेल्याची भर मन आपल्या पदरची घालते आणि ती भर कुठे संपते व दिसणे कुठे सुरू होते, हे त्या क्षणी त्यालाही सांगता येत नाही. म्हणून ‘नीट बघायला काय झाले होते?’ हा घरच्यांचा प्रश्न अन्यायाचा आहे.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे म्हणणे असे, की संदेहाच्या पायरीवर थांबून बोलण्याची सोय आपल्या भाषेने करून ठेवली आहे. ‘तू’ म्हटले की नाते पत्करले, ‘तुम्ही’ म्हटले की थोडे हातचे राखले, आणि ‘आपण’ म्हटले की कशालाच बांधले गेलो नाही. ‘आपण पूर्वी बेलापूरला होता का?’ एवढे विचारून थांबावे. समोरचा तोच निघाला तर ‘अरे, आपण काय म्हणतोस, मीच तो!’ असे म्हणून हसेल. परका निघाला तर ‘नाही’ म्हणेल, आणि आपण ‘माफ करा, चेहरा फार सारखा वाटला’ म्हणून वाटेला लागावे. खांद्यावरची थाप मात्र परत घेता येत नाही.

घोडबंदरी :

एवढ्या छोट्या गोष्टीचा एवढा काथ्याकूट कशाला? चूक झाली, हसलो, संपले.

खाडीकाठ :

घोडबंदरी, संपत नाही म्हणून तर लोक वीस वर्षांपूर्वीचे प्रसंग तारखेनिशी सांगतात. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देते.

आपण ‘ओळखले’ म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळी कामे झालेली असतात. चेहरा पाहिल्यासारखा वाटणे हे एक आणि तो कोणाचा हे आठवणे हे दुसरे. जॉर्ज मँडलर या मानसशास्त्रज्ञाने 1980 साली यासाठी दिलेले उदाहरण आजही सांगितले जाते : बसमध्ये एक माणूस ओळखीचा वाटतो, पण कोण ते काही केल्या आठवत नाही, आणि बऱ्याच वेळाने उमगते, की हा तर आपला खाटीक. दुकानाची चौकट गेली, की ओळख अर्धी राहते. तुमच्या इस्त्रीवाल्याला वाशीच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर पाहा, म्हणजे प्रचिती येईल. व्हिकी ब्रूस आणि अँड्र्यू यंग यांनी 1986 साली या सगळ्याची पायऱ्यापायऱ्यांची मांडणी केली : आधी चेहरा ओळखीचा वाटतो, मग माणूस कोण हे कळते आणि सगळ्यांत शेवटी नाव हाती लागते. त्याआधी 1985 साली यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 22 जणांना ओळखण्यातल्या चुकांची रोजनिशी ठेवायला सांगितली होती. काही आठवड्यांत हजाराच्या आसपास नोंदी जमल्या, आणि परक्याला ओळखीचा समजणे हा त्यांतला एक मोठा, अगदी नेहमीचा प्रकार निघाला. मौजेची गोष्ट अशी, की माणूस कोण ते कळले पण नाव आठवेना, अशा नोंदी भरपूर होत्या. नाव आठवले पण माणूस कोण ते कळेना, अशी मात्र एकही नव्हती.

आता नौपाडेकरांचे कणीस घ्या. पाठमोऱ्या माणसाला आपण चेहऱ्याने ओळखत नाही; चाल, मान, खांद्याची ठेवण आणि सवयी यांवरून ओळखतो. चालीवरून आपली माणसे बऱ्यापैकी ओळखता येतात, हे 1977 साली अमेरिकेत प्रयोगाने दाखवले गेले होते. अंधारात सांध्यांवरच्या उजळ पट्ट्यांखेरीज काहीच दिसत नसतानासुद्धा. म्हणजे ही खूण टाकाऊ नाही. परंतु एकदा मनाने पाठीवरून निकाल देऊन टाकला, की पुढे चेहरा तपासला जात नाही, तो त्या निकालात बसवला जातो. तुम्ही स्वतःच लिहिले आहे पाहा : मिशी पांढरी दिसली, तर तुम्ही तिला नऊ वर्षांचा हिशेब जोडून दिलात. ‘आहात’ ऐकू आले, तेही गिळलेत.

शिवाय एक विचारते. त्या दिवशी तो सहकारी आधी कुठल्या निमित्ताने तुमच्या मनात येऊन गेला होता का?

नौपाडेकर :

खाडीकाठ, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी चकित झालो. त्याच दिवशी सकाळी जुन्या कार्यालयाच्या व्हॉट्सॲप समूहावर कोणी तरी एक जुना सहलीचा फोटो टाकला होता, आणि त्यात तो माझ्या शेजारीच उभा आहे. मी फोटो पाहिला, अंगठा उठवला आणि विसरून गेलो, असे मला वाटत होते.

वकिलीण :

मास्तरांचा भ्रांतिमान अलंकार न्यायालयात आला, की हसण्यावारी राहत नाही, म्हणून लिहिते. मी ठाण्यात फौजदारी वकिली करते. ज्या कामांत आरोपीची पूर्वीची ओळख नसते आणि सगळा भार ‘मी याला पाहिले’ एवढ्यावर असतो, तिथे साक्षीदार खोटे बोलतो आहे हे दाखवणे सोपे असते. तो प्रामाणिकपणे चुकतो आहे, हे दाखवणे फार कठीण. खोटे बोलणारा चाचरतो. प्रामाणिकपणे चुकणारा नौपाडेकरांसारखाच ठाम असतो.

इंग्लंडमधले अॅडॉल्फ बेक यांचे प्रकरण वकिलीच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. 1895 साली एका बाईने लंडनच्या रस्त्यात त्यांना ‘हाच तो भामटा’ म्हणून धरले. पाठोपाठ अनेक स्त्रियांनी त्यांना ओळखले आणि त्या निरपराध माणसाने काही वर्षे तुरुंगात काढली. सुटल्यावर 1904 साली ते पुन्हा त्याच आरोपाखाली पकडले गेले, पुन्हा ओळखले गेले, आणि मग खरा गुन्हेगार हाती लागला. त्या स्त्रियांपैकी कोणाचेही बेक यांच्याशी वैर नव्हते. त्या प्रकरणाच्या गदारोळातून 1907 साली इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय आले.

आपल्याकडे ओळख परेडमध्ये एका संशयिताबरोबर त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या साधारण अर्धा डझन माणसांना उभे करतात, ते याच भीतीमुळे. एकटाच माणूस समोर उभा केला, तर मन त्याला ओळखूनच टाकते. आणि तरीही परेडमधली ओळख हा स्वतंत्र पुरावा धरला जात नाही. न्यायालयात शपथेवर केलेल्या ओळखीला तिचा आधार मिळतो, इतकेच. पूर्वी ही तरतूद 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 9 मध्ये होती, आता 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 7 मध्ये आहे.

घोडबंदरी :

बरे, मग मीही एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. ‘आपणच विसरलो असणार’ असे समजून गप्प राहण्याची जी सभ्यता त्या कणीस खाणाऱ्या गृहस्थांनी दाखवली, तिच्यावर काही लोकांची रोजीरोटी चालते. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांना फोन आला, ‘काका, ओळखलंत का?’ आजोबांनी संकोचाने स्वतःच एका भाच्याचे नाव सुचवले. पलीकडचा लगेच भाचा झाला, अडचणीत सापडला आणि पैसे मागू लागला. सुदैवाने बँकेत जाण्याआधी आजोबांनी खऱ्या भाच्याच्या आईला फोन केला. तेव्हा ज्येष्ठांना सांगून ठेवा : ‘ओळखलंत का?’ या प्रश्नाला ‘नाही, आपण कोण?’ हे उत्तर उद्धट नाही. नाव त्याने सांगायचे, आपण पुरवायचे नाही.

पामबीचवासी :

घोडबंदरी, ‘काथ्याकूट’ हा शब्द मागे घ्या आता.

मितभाषी :

मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. पण या विषयावर लिहिले नाही, तर कशावर लिहिणार?

तुम्हा सगळ्यांना जे वर्षा-दोन वर्षांतून एकदा होते, ते मला रोज होते. मला चेहरे ओळखता येत नाहीत. डोळे चांगले आहेत, चष्मासुद्धा नाही. समोरच्याचे नाक, डोळे, ओठ स्वच्छ दिसतात, पण त्यांची मिळून एक ओळख तयार होत नाही. या प्रकाराला जर्मन चेतातज्ज्ञ योआखिम बोडामर यांनी 1947 साली ‘प्रोसोपॅग्नोशिया’ हे नाव दिले. त्यांचे रुग्ण मेंदूला इजा झालेले होते, माझ्यासारख्यांना तो जन्मतःच असतो. शंभरात साधारण दोघांना तो कमी-अधिक प्रमाणात असावा, असा अंदाज सांगितला जातो. प्रसिद्ध मेंदूतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांना तो होता आणि स्वतःच्या प्रतिबिंबाशीही आपली गफलत होते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. मला हे वयाच्या चौतिसाव्या वर्षी समजले. तोवर मी स्वतःला बेफिकीर समजत होते आणि इतर लोक मला शिष्ट.

मुलगी बालवाडीत असताना शाळा सुटण्याची वेळ म्हणजे माझी परीक्षा असे. एकाच गणवेशातल्या चाळीस मुली फाटकातून एकदम बाहेर येत. मी तिच्या दप्तराच्या बंदाला केशरी लोकरीचा गोंडा बांधला होता आणि मी चेहऱ्यांकडे न पाहता गोंड्याकडे पाहत असे. एक दिवस तिने तो गोंडा मैत्रिणीला देऊन टाकला. मी त्या मैत्रिणीचा हात धरून रस्त्याच्या कडेपर्यंत पोहोचले, तेव्हा माझी मुलगी मागून ओरडली, ‘आई, ती मी नाहीये!’ त्या मुलीची आई तिथेच होती. तिला मी जे स्पष्टीकरण दिले, ते तिला पटले नाही, आणि खरे सांगायचे तर कोणाला पटले असते?

आता मी काय करते ते सांगते. लिफ्टमध्ये सर्वांकडे पाहून हसते. परक्याकडे पाहून हसण्याचे नुकसान कमी, शेजारणीकडे न हसण्याचे जास्त. आवाज ऐकेपर्यंत नाव घेत नाही. नव्या ओळखीत पहिल्याच भेटीत सांगून टाकते, की मला चेहरे लक्षात राहत नाहीत, तेव्हा पुढच्या वेळी तुम्हीच हाक मारा. पूर्वी हे सांगायची लाज वाटे. 2020 साली सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि आमच्या इमारतीतले सगळेच एकमेकांना ‘कोण, ओळखले नाही’ असे विचारू लागले. मला तो काळ, बाकी कितीही वाईट असला तरी, या एका बाबतीत सुखाचा गेला.

नौपाडेकर :

मितभाषी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या मजल्यावर एक बाई आहेत, त्या कधीच ओळख दाखवत नाहीत म्हणून मी त्यांच्याबद्दल घरात बरेच काही बोललो आहे. उद्यापासून मीच आधी बोलेन.

खाडीकाठ :

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे राहिले होते. आपली फजिती सगळ्या जगाने पाहिली असे आपल्याला वाटते, ते बहुतेक वेळा खरे नसते. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाजिरवाणे चित्र असलेला टी-शर्ट घालून एका खोलीत पाठवले होते. खोलीतल्या निम्म्या लोकांच्या तरी लक्षात आले असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात साधारण चौथाईच लोकांच्या लक्षात आले. नेरूळच्या त्या रांगेतल्या बाकी नवऱ्यांनी बहुधा काहीही पाहिले नसेल, पामबीचवासी.

आणि ज्यांनी पाहिले त्यांचे मत वाईट झाले असेल, असेही नाही. डार्विनने 1872 साली लाजून लाल होण्यावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले, कारण सर्व भावदर्शनांत त्याला ते सर्वाधिक माणसाचे वाटले. अलीकडे, 2012 साली, कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना असे आढळले, की चूक झाल्यावर ओशाळलेला दिसणारा माणूस लोकांना निर्विकार माणसापेक्षा अधिक विश्वासू वाटतो. तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या तर तापू द्याव्यात. फोन कानाला लावून ‘हॅलो, हॅलो’ करत पुढे सटकणे, किंवा उंचावलेला हात हळूच केसांकडे वळवणे, यांत ओशाळणे लपते आणि नेमके तेच आपल्या बाजूचे साक्षीदार असते.

कळवेकर :

माझा प्रसंग या धाग्यात बसतो की नाही, सांगता येत नाही. वडील गेले त्याला तेव्हा चार महिने झाले होते. ठाणे स्टेशनला दहा नंबरच्या फलाटावर ते मला दिसले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात चष्म्याचे घर आणि छत्री बगलेत आडवी, मागून येणाऱ्याला टोचेल अशी. त्यावरून आई त्यांना आयुष्यभर बोलत आली. ते नव्हेत, हे मला कळत होते. मास्तर म्हणतात तसा संदेहसुद्धा नव्हता. तरी ते पनवेलच्या गाडीत चढले, तेव्हा मीही चढलो. मला कळव्याला, म्हणजे अगदी दुसऱ्या दिशेला जायचे होते.

ऐरोलीपर्यंत मी त्यांच्या मागे उभा होतो. ते उतरताना वळले, तेव्हा चेहऱ्यात काहीही साम्य नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘उतरायचंय का?’ मी ‘नाही’ म्हणालो. रबाळ्याला उतरून परत आलो. घरी कोणाला सांगितले नाही.

खाडीकाठ :

कळवेकर, बसतो. जवळचे माणूस गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत ते गर्दीत दिसणे अतिशय सर्वसाधारण आहे. कॉलिन मरे पार्क्स या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी लंडनमधल्या विधवांशी बोलून याची नोंद फार पूर्वी केली आहे. डोळे आपल्याला न विचारता शोध चालू ठेवतात, असे त्यांचे म्हणणे.

निवृत्तमास्तर :

कळवेकर, छत्रीचे वाचून थांबलो. आमच्या घरातही एक अशी छत्री होती.

नौपाडेकर :

मंडळी, सर्वांचे आभार. पहिले वाक्य कोणते बोलावे, याचे उत्तर मला मिळाले : ‘माफ करा, मी तुम्हाला दुसरेच कोणी समजलो’, आणि तेही ‘आहात’ ऐकल्याबरोबर, मुलीच्या लग्नापर्यंत न पोहोचता.

एक गोष्ट मात्र मला गेले चार दिवस टोचत होती, ती इथे लिहितो. मी एका परक्या माणसाच्या आईच्या गुडघ्याची आपुलकीने चौकशी केली. ज्याची समजून केली, त्याला मी नऊ वर्षांत एकदाही फोन केलेला नाही. त्याचा फोटो पाहून अंगठा उठवला, तेवढेच. म्हणून काल रात्री फोन केला. त्याने आवाज लगेच ओळखला. आई उत्तम आहेत, रोज सकाळी देवळात चालत जातात. गुडघ्याचे म्हणाल, तर ऑपरेशन त्यांनी करूच दिले नाही. म्हणजे माझी ती पक्की खूणही मुळातच फसवी होती.

तलावपाळीचा किस्सा सांगितला, तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. तो आता खारघरला राहतो. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता वाशी स्टेशनवर तिकीटखिडकीपाशी भेटायचे ठरले आहे. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, ‘अरे, मी मिशी काढली आहे आणि वीस किलो वाढलो आहे, आधीच सांगून ठेवतो.’ मी शर्टाचा रंग विचारून घेतला आहे.